अनोळखी पोलादाची सुरी : पाणी देऊनही पाते मऊच का राहते?

हाती आलेल्या कुठल्याशा पोलादाच्या पट्टीपासून स्वयंपाकघरातली सुरी घडवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पाते नीट आकाराला आले, भट्टीत लाल झाले, लोहचुंबकाला चिकटेनासे झाले, तेलात बुडवले; आणि तरीही कानस त्यावरून घसरण्याऐवजी खुशाल कीस काढते. मग तेल बदलले जाते, दुसऱ्यांदा पाणी दिले जाते (म्हणजे लाल तापवून द्रवात झटक्यात थंड करून कठीण केले जाते), तिसऱ्यांदा तेलाऐवजी थेट पाण्यात बुडवले जाते, आणि शेवटी पाते एक तर तडकते किंवा वाकडे होऊन भंगारात जाते. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट बहुधा राहून गेलेली असते : दोष पोलादाचा आहे की आपल्या कृतीचा, हे ठरवण्याआधीच उपाय सुरू झालेला असतो. हे ठरवणे मुळीच अवघड नाही, मात्र त्यासाठी घडवलेल्या पात्यावर नव्हे, तर त्याच पट्टीच्या लहान तुकड्यांवर काम करावे लागते.

त्याही आधी पाते खरोखरच मऊ आहे का, हे पाहावे. मोकळ्या भट्टीत तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि वर एक पातळ, कार्बनहीन थर उरतो. हा थर बहुधा एक ते तीन दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. आच जास्त वेळ लागली किंवा भात्याचा वारा अधिक झाला, तर तो याहूनही जाड होतो. पाणी दिल्यानंतर आतले पोलाद उत्तम कठीण झालेले असले तरी कानस प्रथम या थरालाच लागते आणि तो थर मऊच असतो. म्हणून खपली (तापताना वर चढलेला काळा थर) काढल्यावर धारेजवळची एक लहानशी जागा, पाते तापू न देता, पाण्यात बुडवत बुडवत तीनचार दशांश मिलिमीटर घासावी आणि मगच तिथे नव्या, धारदार कानशीचा कोपरा टेकवून पाहावा. पुष्कळ पाती या एवढ्याशा तपासणीत निर्दोष ठरतात. कानस जुनी व बोथट असेल, तर ती मऊ पोलादावरूनही घसरते आणि उलटीच फसगत होते, हेही ध्यानात असू द्यावे.

कानशीची परीक्षा केव्हा केली, यालाही महत्त्व आहे. चांगल्या कानशीची कठीणता रॉकवेल सी या कठीणता मोजण्याच्या मापावर ६४ च्या आसपास असते. पाणी दिल्या दिल्या बऱ्याच कार्बनी पोलादांची कठीणता ६३ ते ६६ भरते आणि कानस घसरते. परंतु २०० अंश सेल्सिअसला टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी मंद आचेवर पुन्हा तापवणे) झाल्यावर तेच पाते ६० च्या घरात येते आणि कानस त्यावर थोडीफार लागू लागते. टेम्परिंगनंतर कानस किंचित लागली म्हणून पाते मऊ ठरवणे चूक आहे. ही परीक्षा नेहमी टेम्परिंगपूर्वी करावी.

पृष्ठभाग घासूनही कानस सरळ खोल लागत असेल, तर प्रश्न खरा आहे.

तुकड्यांची परीक्षा

पट्टीच्या टोकाकडून बोटभर लांबीचे चारपाच अरुंद तुकडे कापून घ्यावेत. तुकड्याची जाडी होता होईल तो भावी पात्याइतकी, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर ठेवावी, कारण जाड तुकडा सावकाश थंड होतो आणि त्याचा निकाल पातळ पात्याला लागू पडत नाही. यांच्या जोडीला ज्याचा भरवसा आहे असा एक तुकडाही घ्यावा. जुनी, नामांकित बनावटीची कानस मोडून मिळालेला तुकडा यासाठी फार सोयीचा, कारण अशा कानशीत साधारण एक टक्का किंवा त्याहून अधिक कार्बन असतो. स्वस्तातल्या काही कानशींना मात्र केवळ पृष्ठभागावर कठीणपणा दिलेला असतो आणि आत साधे लोखंड असते; कानस मोडल्यावर कडेला एक आणि गाभ्यात दुसराच पोत दिसला, तर ती या कामाला घेऊ नये.

ओळखीचा तुकडा आणि अनोळखी तुकडा एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवून, एकाच रंगापर्यंत तापवावेत आणि एकापाठोपाठ एक पाण्यात विझवावेत. इथे पाणीच वापरावे, तेल नव्हे; तुकडा तडकला तरी बिघडत नाही, आणि पाण्यातही जे कठीण होत नाही ते तेलात होण्याची आशा नाही. माझ्या मते संपूर्ण समस्या निवारणातली ही सर्वांत उपयोगी पायरी आहे आणि नेमकी हीच सर्वाधिक वेळा वगळली जाते. दोन्ही तुकडे मऊ राहिले, तर भट्टी, तापमान किंवा हाताचा वेग यांत दोष आहे आणि पोलादाला बोल लावण्याचे कारण उरत नाही. ओळखीचा तुकडा काचेसारखा मोडला आणि अनोळखी तुकडा वाकून राहिला, तर आपली कृती निदान साध्या कार्बनी पोलादापुरती ठीक आहे आणि पट्टीचा स्वभाव शोधायला हवा.

उरलेल्या तुकड्यांपैकी एक कोमट तेलात विझवावा आणि एक हवेतच थंड होऊ द्यावा. मग प्रत्येक तुकड्याला कानस लावून पाहावी आणि नंतर तो शेगड्यात (वाइसमध्ये) धरून, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून व तुकड्यावर फडके टाकून हातोड्याने मोडावा. पाण्यात कठीण झाला पण तेलात मऊ राहिला, याचा अर्थ पोलादात कार्बन भरपूर आहे, मात्र मँगनीज आणि क्रोमियम कमी आहेत, आणि त्यामुळे त्याला अतिशय वेगाने थंड करावे लागते. १०९५ प्रकारच्या पोलादात ०.९० ते १.०३ टक्के कार्बन असतो, पण मँगनीज जेमतेम ०.३० ते ०.५० टक्के, त्याला सुमारे ८०० अंशांवरून ५४० अंशांखाली यायला जेमतेम सेकंदभराची मुदत मिळते. पाणी आणि तेल या दोहोंत कठीण झाला, तर तेलच वापरावे. मोटारीच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यांत वारंवार आढळणारे ५१६० पोलाद या गटातले असून त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि ०.७ ते ०.९ टक्के क्रोमियम असते. हवेत ठेवलेला तुकडाही कानशीला दाद देत नसेल, तर पोलाद हवेत कठीण होणाऱ्या मिश्र जातीचे आहे.

पाण्यात विझवूनही तुकडा न मोडता वाकतो, ही स्थिती सर्वांत निराशाजनक, पण तिचे कारण बहुधा साधे असते : कार्बनच पुरेसा नाही. पाणी दिल्यानंतर मिळणारी कमाल कठीणता जवळजवळ संपूर्णपणे कार्बनच्या प्रमाणावर ठरते. ०.२ टक्के कार्बनला ती रॉकवेल सी मापावर साधारण ४५, ०.४ टक्क्यांना ५७, आणि ०.६ टक्क्यांना ६३ ते ६४ पर्यंत जाते. त्यापुढे कार्बन वाढवून कठीणतेत फारशी भर पडत नाही. रेल्वेचे खिळे, बांधकामाची सळई, साधे बोल्ट, कार्बाइडचे दात बसवलेल्या काही गोल करवतींची अंगे यांत सुरीला पुरेल इतका कार्बन बहुधा नसतो. अशा पट्टीला कोणतेही तेल, कोणताही क्षार किंवा कोणतीही गुप्त कृती धार टिकवण्याचे बळ देणार नाही.

पट्टी थंड असतानाच लोहचुंबकाला चिकटत नसेल, तर तुकडे कापण्याचेही कष्ट घेऊ नयेत. ते निकेलयुक्त स्टेनलेस असण्याची दाट शक्यता असते आणि ते पाणी देऊन कठीण होतच नाही. चिकटत असेल, तरी मात्र ते सुरीच्या कामाचे आहे असे सिद्ध होत नाही.

ग्राइंडरवरच्या ठिणग्या पाहून पोलाद ओळखण्याची रीत जुनी आहे आणि तुलनेपुरती ती उपयोगी पडते. कार्बन कमी असेल तर ठिणग्यांच्या लांब, सरळ रेषा दिसतात आणि त्यांना फाटे क्वचित फुटतात. कार्बन वाढला की फाटे व फुलोरा दाट होतो. टंगस्टन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या मंद तांबड्या निघतात. ओळखीचा तुकडा शेजारी घासून पाहिल्याखेरीज केवळ आठवणीवर विसंबून निर्णय देऊ नये, आणि ठिणगी पसंत पडली म्हणून तुकड्यांची परीक्षा टाळू नये.

तापमान : चुंबक सुटला म्हणजे झाले, असे नाही

ओळखीचा तुकडाही मऊ राहिला असेल, तर पहिला संशय तापमानावर घ्यावा. चुंबकाची खूण उपयोगी आहे, पण तिचा अर्थ अर्धवट समजून घेतला जातो. पोलाद तापवताना त्याचे चुंबकत्व साधारण ७३० ते ७७० अंशांच्या दरम्यान जाते. त्या क्षणी पोलादाला कठीण होण्याजोगे करणारा आतला बदल नुकता सुरू झालेला किंवा अर्ध्यावर असतो. साध्या कार्बनी पोलादाला पाणी देण्याचे तापमान ८०० ते ८३० अंश आहे, म्हणजे चुंबक सुटल्यानंतरही आणखी चाळीसपन्नास अंश वर जावे लागते आणि तिथे थोडे थांबावेही लागते. उजेडात लाल रंग फसवतो. दुपारच्या प्रकाशात जे पाते काळपट दिसते तेच अंधाऱ्या कोपऱ्यात नारिंगी वाटते. म्हणून भट्टी सावलीत आणि रोज त्याच प्रकाशात असणे, हे महागड्या उपकरणापेक्षाही अधिक मोलाचे ठरते.

तापमापक नसेल, तर साध्या मिठाचा आधार घेता येतो. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळते. तापलेल्या परीक्षेच्या तुकड्यावर कोरड्या मिठाचे दोनचार कण टाकावेत; ते वितळून पसरले की त्या वेळी दिसणारा रंग डोळ्यांत साठवून घ्यावा आणि पात्याला पाणी देताना तोच, किंवा त्याहून किंचित उजळ रंग गाठावा. मीठ लोखंडाला खाते, त्यामुळे हा प्रयोग पात्यावर न करता तुकड्यावरच करावा. अंधारात बारकाईने पाहिले तर आणखी एक खूण मिळते : तापत जाणाऱ्या पात्यावरून गडद सावल्या सरकताना दिसतात. अंतर्गत बदल होताना पोलाद उष्णता शोषून घेते, म्हणून तो भाग क्षणभर मागे पडतो. त्या सावल्या धारेच्या संपूर्ण लांबीतून नाहीशा झाल्या की बदल पुरा झाला असे धरायला हरकत नाही. टोक कठीण आणि मुठीकडचा भाग मऊ, अशी जी पाती निघतात, त्यांत ही सावली मुठीकडे अजून रेंगाळत असतानाच पाते बाहेर काढलेले असते.

थांबण्याचा काळ मात्र सर्व पोलादांना सारखा नसतो आणि अनोळखी पट्टीत नेमकी इथेच गाडी अडते. बेअरिंगचे ५२१०० पोलाद घ्या. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते, त्यामुळे कागदावर ते कानशीइतकेच कठीण व्हायला हवे. पण कारखान्यातून नरम करून आलेल्या अशा पोलादात कार्बन मोकळा नसतो. तो कार्बाइडच्या लहान लहान गोळ्यांत बांधलेला असतो. ८०० अंशांवर क्षणभर धरून विझवले, तर ते गोळे तसेच राहतात, भोवतालच्या पोलादाला पुरेसा कार्बन मिळत नाही आणि पाते अर्धवट कठीण होते. याला सुमारे ८४५ अंशांवर दहाएक मिनिटे स्थिर ठेवावे लागते. भट्टीत इतका वेळ तापमान स्थिर ठेवणे कठीण असेल, तर आधी नॉर्मलायझिंग करून घ्यावे. त्यात पाते पाणी देण्याच्या तापमानाहून चांगले वर, साध्या कार्बनी पोलादासाठी ८७० ते ९०० अंशांपर्यंत आणि बेअरिंगच्या पोलादासाठी ९२५ अंशांपर्यंत, नेऊन हवेत काळे होईपर्यंत थंड करतात, आणि मग प्रत्येक वेळी थोडे कमी तापमान ठेवून ही क्रिया आणखी दोनदा करतात. यामुळे गोळे विरघळून कार्बन बारीक विखुरला जातो आणि नंतर थोड्या काळातही पोलादाला मिळतो; शिवाय घडवताना वाढलेले कण पुन्हा बारीक होतात. पट्टी नवी, बाजारातून विकत आणलेली असली, तरी ती अशाच नरम अवस्थेत मिळते, तेव्हा पाते घडवले नसून केवळ कापून-घासून बनवले असले तरी ही पायरी लागू पडते.

उलट दिशेनेही चूक होते. पाते मऊ राहिले म्हणून पुढच्या वेळी ते पिवळेधमक होईस्तोवर तापवले जाते. कार्बन आणि क्रोमियम जास्त असलेल्या पोलादात यामुळे गरजेपेक्षा अधिक कार्बन विरघळतो आणि विझवल्यावरही पोलादाचा काही हिस्सा उच्च तापमानाच्या मऊ अवस्थेतच अडकून राहतो. अशा पात्यावर कानस थोडी लागते आणि तरीही ते ठिसूळ असते. मोडलेल्या तुकड्याचा पोत साखरेच्या खड्यांसारखा भरड, चमचमता दिसतो. योग्य तापमानाला पाणी दिलेला तुकडा मोडल्यावर करडा, अतिशय बारीक आणि जवळजवळ निस्तेज दिसायला हवा. भरड पोत दिसला, तर आणखी आच वाढवू नये. नॉर्मलायझिंग करून तापमान खाली आणावे.

विझवण्याची क्रिया

तापमानाबद्दल खात्री पटली आणि तरी तेलात पाते मऊच राहत असेल, तर तेलाकडे वळावे. थंड तेल जाड असते आणि पात्याभोवती संथ फिरते. ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेले वनस्पती तेल अधिक वेगाने उष्णता ओढून घेते. तेल कोमट करायचे म्हणजे वेग कमी होईल, ही समजूत खरी नाही. एका सुरीसाठी निदान चारपाच लिटर तेल, अरुंद व खोल धातूच्या भांड्यात घ्यावे आणि घट्ट बसणारे झाकण जवळ ठेवावे. पाते भट्टीतून काढून तेलात जाईपर्यंत एक सेकंद, फार तर दोन, इतकाच अवकाश असावा. पातळ धार या वेळात पाहता पाहता थंड होते, आणि भट्टीपासून चार पावलांवर ठेवलेले तेलाचे भांडे हे कित्येक मऊ पात्यांचे एकमेव कारण असते. आत गेल्यावर पाते धारेच्या दिशेने पुढेमागे हलवावे, म्हणजे भोवती जमणारी वाफ फुटते. आडवे हलवल्यास एक बाजू आधी थंड होऊन ते वाकते. पात्यावर जाड खपली चढली असेल, तर तीही उष्णता अडवते. इंजिनमधून काढलेले जुने तेल वापरण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो, तो मानू नये. त्याचा धूर घातक असतो आणि ही वस्तू अखेर खाद्यपदार्थांना लागणार आहे.

फक्त पाण्यातच कठीण होणाऱ्या पोलादाबाबत दोन मार्ग आहेत. कमी वेळात उष्णता ओढणारे, खास याच कामासाठी बनवलेले पातळ तेल मिळवावे, हा पहिला आणि माझ्या मते शहाणपणाचा. दुसरा मार्ग म्हणजे कोमट पाणी किंवा मिठाचे पाणी वापरणे. त्यात धारेची जाडी निदान एक मिलिमीटर शिल्लक ठेवावी, घासताना पडलेले आडवे ओरखडे आधी काढून टाकावेत, आणि तरीही काही पाती ‘टिंग’ असा आवाज करून तडकतील अशी मनाची तयारी ठेवावी.

हवेत कठीण होणारी पोलादे हा वेगळाच प्रांत आहे. डी२ या हत्यारी पोलादाला सुमारे १०१० अंश आणि एम२ सारख्या हायस्पीड पोलादाला ११९० अंशांच्या पुढे तापमान लागते, तेही स्थिर आणि हवेपासून सांभाळून. मोकळ्या भट्टीत ८२० अंशांना तापवून तेलात बुडवलेले डी२ पूर्ण कठीण होत नाही, हा त्याचा दोष नव्हे. नियंत्रित विद्युत भट्टी नसेल, तर अशी पट्टी बाजूला ठेवावी किंवा व्यावसायिक उष्मोपचार करणाऱ्याकडे पाठवावी. पट्टीवर चकचकीत मुलामा असेल, तर तो भट्टीत जाण्याआधी काढला पाहिजे. जस्ताचा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो आणि क्रोमचा मुलामा जाळणे त्याहून वाईट.

एक प्रकार असा की पाणी दिल्यावर पाते कठीण होते, पण सुरी वापरात आल्यावर धार वळते. इथे पाणी चढलेले असते, पण नंतर उतरलेले असते. पाणी दिल्यानंतर धार पातळ करताना ग्राइंडरवर पाते उघड्या हाताला सोसवेनासे तापले, तर धारेची शेवटची कड त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. निळसर रंग दिसला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले होते, आणि तो रंग घासून काढला तरी आतले पोलाद पुन्हा कठीण होत नाही. हातमोजे न घालता घासावे आणि दर फेरीला पाते पाण्यात बुडवावे. तसेच नव्या सुरीच्या धारेचा पहिला थर कार्बनहीन राहिलेला असू शकतो. दगडावर दोनतीनदा नीट धार लावल्यावरच ती टिकू लागली, तर पात्यात दोष नव्हता, फक्त वरचा थर जायचा होता.

वारंवार पाणी देऊन थकलेले पाते हाती असेल, तर त्याला आणखी एकदा तसेच तापवून बुडवू नये. आधी भिंगाखाली धार आणि मुठीकडची वळणे पाहावीत. केसाएवढी चीर दिसली तर ते पाते सोडून द्यावे. चीर नसेल तर तीनदा नॉर्मलायझिंग करावे, वरचा कार्बनहीन थर घासावा आणि तुकड्यांनी दाखवलेल्या तापमानाला व त्याच द्रवात एकदाच पाणी द्यावे. कानस घसरली की तासाभराच्या आत टेम्परिंगला घ्यावे, कारण नुसते पाणी दिलेले पाते ठेवल्या जागी तडकू शकते. २०० अंशांना दोन तास, हाताला गार लागेपर्यंत थंड, आणि पुन्हा दोन तास; ओव्हनच्या आकड्यावर न विसंबता आत वेगळा तापमापक ठेवावा. धार तुकडे होऊन गळू लागली तर पुढच्या वेळी दहापंधरा अंश वाढवावेत, पण कडकपणा कमी करण्याच्या नादात २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात जाऊ नये. तिथे पुष्कळ पोलादे मऊही होतात आणि ठिसूळही.